औद्योगिक रोबोतील सेन्सर : तो नेमके काय मोजतो आणि आपण काय समजतो

धातुरेषा (धागाकर्ता)

औद्योगिक रोबोंवरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत सेन्सरांचे प्रकरण एका तक्त्याने सुरू होते. एका बाजूला आंतरिक सेन्सर, म्हणजे रोबोला स्वतःच्या सांध्यांची स्थिती सांगणारे. दुसऱ्या बाजूला बाह्य सेन्सर, म्हणजे भोवतालची माहिती देणारे. तक्ता चुकीचा नाही आणि परीक्षेला तो पुरतोही. मात्र नवा सेल, म्हणजे रोबो आणि त्याच्याभोवतीची यंत्रणा, उभारताना किंवा अडलेला सेल पुन्हा चालू करताना त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्या वेळी वेगळाच प्रश्न समोर असतो : हा सेन्सर प्रत्यक्षात कोणती राशी मोजतो, आणि मला जे जाणून घ्यायचे आहे ते व ही राशी यांच्यामध्ये काय काय उभे आहे? प्रचलित सेन्सरांची चर्चा या धाग्यात त्या अंगाने व्हावी, अशी अपेक्षा आहे.

सुरुवात एन्कोडरपासून, म्हणजे मोटरचा दांडा किती फिरला हे मोजणाऱ्या सेन्सरपासून करतो, कारण त्याच्याशिवाय रोबो हलतच नाही. १९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागलेला युनिमेट हा रोबो बाहेरच्या जगाबाबत जवळजवळ आंधळा होता. पण आपले अक्ष कुठे आहेत हे त्यालाही कळावेच लागे. आजच्या सहा अक्षांच्या रोबोत प्रत्येक सर्व्हो मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर असतो. प्रकाशीय प्रकारात काचेच्या किंवा धातूच्या चकतीवरील बारीक रेघांमधून जाणारा प्रकाश मोजला जातो, तर चुंबकीय प्रकारात फिरत्या चुंबकाच्या क्षेत्राची दिशा. पहिला अधिक बारकाईने मोजतो, दुसरा तेल, धूळ आणि धक्के अधिक सोसतो.

आता एक हिशेब पाहू. १७ बिटांचा एन्कोडर मोटरच्या एका फेऱ्यात १,३१,०७२ पायऱ्या मोजतो. मोटर आणि सांधा यांच्यामध्ये १०० : १ गुणोत्तराचा गिअरबॉक्स असेल, तर सांध्याच्या एका फेऱ्यासाठी १,३१,०७,२०० पायऱ्या मिळतात. सांध्यापासून एक मीटर अंतरावरील टोकाला एका पायरीमागे होणारी हालचाल जेमतेम अर्धा मायक्रॉन भरते. तरीही मध्यम आकाराच्या रोबोच्या माहितीपत्रकात पुनरावृत्तीक्षमता (त्याच बिंदूवर पुन्हा पुन्हा येताना पडणारा फरक) ±०.०२ ते ±०.०५ मिलिमीटर अशी दिलेली आढळते, आणि कॅलिब्रेशन न केलेल्या रोबोला अवकाशातील एखाद्या बिंदूचे नुसते सहनिर्देशक देऊन तिथे पाठवले, तर चूक मिलिमीटरच्या घरात जाऊ शकते.

एवढी मोठी तफावत पडते, कारण एन्कोडर मोटरचा दांडा मोजतो आणि आपल्याला हवे असते हत्याराचे टोक. या दोहोंच्या मध्ये गिअरबॉक्सचा लवचीकपणा आणि ढिलाई आहे, बेअरिंग आहेत, वजनाखाली वाकणारे बाहू आहेत आणि तापमान आहे. अ‍ॅल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा बाहू दहा अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतो. एन्कोडरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मोटरचा दांडा जिथल्या तिथे असतो. म्हणून १७ बिटांऐवजी २३ बिटांचा एन्कोडर बसवला की रोबो अधिक अचूक होईल, हा समज टिकत नाही. गती अधिक सफाईदार होते, कमी वेगातील थरथर कमी होते, हे खरे. टोकाची अचूकता मात्र दुसरीकडून आणावी लागते. काही उत्पादक गिअरबॉक्सच्या पलीकडे, सांध्यावरच दुसरा एन्कोडर बसवतात. त्याने गिअरबॉक्समधील चूक पकडता येते, बाहूचे वाकणे तेवढे राहतेच.

इतर सेन्सरांविषयी जाणकारांनी लिहावे.

---

तप्तकांडी

कोन मोजणाऱ्या रिझॉल्व्हरचा उल्लेख राहिला, म्हणून ही पुरवणी. कित्येक नावाजलेल्या रोबोंमध्ये मोटरवर एन्कोडरऐवजी रिझॉल्व्हर असतो. तो मूलतः फिरता ट्रान्सफॉर्मर आहे : एका गुंडाळीला प्रत्यावर्ती विद्युत्दाब दिला जातो आणि काटकोनात बसवलेल्या दोन गुंडाळ्यांतून कोनाच्या साइन व कोसाइनच्या प्रमाणात संकेत मिळतात. त्यात काच नाही, दिवा नाही, मोटरच्या मागे तापणारी नाजूक इलेक्ट्रॉनिक चकतीही नाही. भट्टीजवळ किंवा सतत कंपन असलेल्या जागी तो वर्षानुवर्षे टिकतो.

मात्र रिझॉल्व्हर काय किंवा एका फेऱ्यापुरता निरपेक्ष एन्कोडर काय, दोघेही फेऱ्याच्या आतला कोन सांगतात, कितवा फेरा चालू आहे ते सांगत नाहीत. तो आकडा कुठेतरी जपावा लागतो आणि पुष्कळ रोबोंत ते काम बॅटरीवर चालते. ही बॅटरी उतरली आणि त्याच वेळी मुख्य वीजपुरवठाही बंद असला, की फेऱ्यांची मोजणी पुसली जाते व रोबोचे मास्टरिंग (सांध्यांची शून्य स्थिती नोंदवणे) नव्याने करावे लागते. सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी, की हे बहुधा लांब सुट्टीनंतर उघडकीला येते. वर्षाची देखभाल करताना बॅटऱ्या बदलायच्या असतील, तर सामान्यतः कंट्रोलर चालू ठेवूनच बदलतात. पण आपत्कालीन थांब्याचे बटण दाबून, म्हणजे हालचालीची शक्यता नसताना. आपल्या रोबोच्या पुस्तिकेत दिलेली पद्धत पाहूनच हे काम करावे, कारण ती उत्पादकागणिक बदलते.

---

नवशिका

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. धातुरेषा यांचा हिशेब समजला, पण एक शंका राहिली. गिअरबॉक्स, वाकणे आणि तापमान यांमुळे इतकी चूक होत असेल, तर पुनरावृत्तीक्षमता तरी ±०.०२ मिलिमीटर एवढी चांगली कशी राहते?

---

धातुरेषा

कारण यांतील बहुतेक चुका दर वेळी सारख्याच असतात. तेच वजन घेऊन, त्याच दिशेने, त्याच वेगाने रोबो त्याच बिंदूवर आला, तर बाहू तेवढाच वाकतो आणि गिअर त्याच बाजूला टेकलेला असतो. आयएसओ ९२८३ या मानकात पुनरावृत्तीक्षमता आणि अचूकता यांच्या चाचण्या वेगवेगळ्या दिल्या आहेत, त्या याच कारणासाठी. रोबो हाताने नेऊन शिकवलेल्या बिंदूंवर काम चालले असेल, तर पहिली पुरते. संगणकावर तयार केलेला प्रोग्राम थेट रोबोवर चढवायचा असेल किंवा कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागी जायचे असेल, तर दुसरीची गरज भासते, आणि तिथेच पुष्कळांची निराशा होते.

---

पकडसांडशी

मी ग्रिपरच्या, म्हणजे भाग पकडणाऱ्या पंजाच्या बाजूने लिहितो. वस्तू जवळ आल्याचे सांगणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर हा सेलमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त गृहीत धरला जाणारा घटक आहे. इंडक्टिव्ह प्रकार आपल्या तोंडासमोर उच्च वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि धातू जवळ आला की त्यात निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे सेन्सरमधील विद्युत आंदोलन मंदावते. माहितीपत्रकातील अंतर सौम्य पोलादाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यासाठी असते. ४ मिलिमीटर अंतर असलेला साधा सेन्सर अ‍ॅल्युमिनियमचा भाग साधारण दीड ते दोन मिलिमीटरवरच ओळखतो. तांब्यासाठी ते आणखी कमी होते. भागाचा धातू बदलला आणि सेन्सर धरणारा कंस (ब्रॅकेट) तोच राहिला, की अधूनमधून चुकणारा संकेत हमखास पदरी पडतो. धातू नसलेल्या वस्तूंसाठी कॅपॅसिटिव्ह किंवा प्रकाशीय सेन्सर घ्यावे लागतात. वेल्डिंगच्या सेलमध्ये तीव्र चुंबकीय क्षेत्राला न बधणारे आणि स्पॅटर (वितळलेल्या धातूचे उडणारे थेंब) चिकटू नये म्हणून लेप दिलेले खास प्रकार वापरतात.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ग्रिपरच्या सिलिंडरवर बसवलेला चुंबकीय स्विच 'ग्रिपर बंद' असे सांगतो. प्रत्यक्षात त्याने पिस्टनमधील चुंबक एका जागी आलेला पाहिलेला असतो. बोटांमध्ये भाग आहे की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. म्हणून स्विच अशा जागी बसवावा, की भाग पकडलेला असतानाच तो लागेल आणि बोटे रिकामीच पूर्ण मिटली तर पिस्टन त्याच्या पुढे निघून जाईल. पूर्ण मिटल्याच्या जागी दुसरा स्विच ठेवला, तर 'भाग नाही' हा संकेत स्वतंत्रपणे मिळतो.

व्हॅक्यूमच्या कपांचेही तसेच आहे. दाबाचा सेन्सर बहुधा व्हॅक्यूम निर्माण करणाऱ्या घटकाजवळ बसवतात, कारण तिथे वायर नेणे सोपे असते. मधली नळी दुमडली किंवा फिल्टर कचऱ्याने बुजला, तर त्या घटकाच्या बाजूला उत्तम निर्वात तयार होतो, सेन्सर 'भाग पकडला' असा निर्वाळा देतो, आणि कपाखाली काहीच नसते. शक्य असेल तिथे सेन्सर कपाच्या बाजूला, फिल्टरच्या पलीकडे घ्यावा. तसे जमत नसेल, तर भाग न उचलता व्हॅक्यूम चालू करून दाब किती येतो हे पाळीच्या सुरुवातीला तपासणारी ओळ प्रोग्राममध्ये घालावी. खुल्या हवेत दाब उतरायला नको. उतरला, तर वाट कुठेतरी बुजली आहे.

---

तप्तकांडी

हा निर्वाताचा मुद्दा प्रत्येक देखभाल विभागात भिंतीवर चिकटवावा असा आहे.

---

सहाअक्ष

बल आणि आघूर्ण (फिरवणारा जोर) मोजणाऱ्या सेन्सरांवर थोडे विस्ताराने लिहितो, कारण जोडणीच्या कामात अलीकडे त्यांचा वापर वाढला आहे आणि अपेक्षाही अवास्तव वाढल्या आहेत.

मनगट आणि हत्यार यांच्यामध्ये बसणाऱ्या सहा घटकांच्या सेन्सरात धातूचे बारीक दांडे असतात आणि त्यांवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. बल लागले की दांडे किंचित वाकतात, गेजचा विद्युत्रोध बदलतो, आणि व्हीटस्टन ब्रिज या मापन मंडलातून तो बदल विद्युत्दाबाच्या रूपात मिळतो. कोणतेही एक बल एकाहून अधिक गेजांवर परिणाम करते. त्यामुळे कच्च्या संकेतांना सहा बाय सहाच्या कॅलिब्रेशन मॅट्रिक्सने गुणून तीन बले आणि तीन आघूर्णे काढावी लागतात. म्हणजे आपण ज्याला बल म्हणतो, तो धातूच्या वाकण्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. दुसऱ्या एखाद्या कारणाने, उदाहरणार्थ मोटरच्या उष्णतेने, धातू ताणला गेला तरी सेन्सर बल दाखवणारच.

याशिवाय सेन्सरच्या पुढे ग्रिपर लटकलेला असतो. ३ किलोग्रॅमचा ग्रिपर असेल, तर त्याचेच वजन सुमारे २९ न्यूटन भरते आणि मनगट फिरले की त्या बलाची दिशा सेन्सरच्या दृष्टीने बदलते. २ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने हालचाल केली, तर आणखी ६ न्यूटन येतात. जोडणीत ओळखायचे बल ५ न्यूटनचे असेल, तर गुरुत्वाची भरपाई नीट केल्याशिवाय ते या गर्दीत सापडणार नाही. म्हणून स्पर्शापूर्वी, अंतिम दिशेत, रोबो थांबलेला असताना किंवा अगदी संथ सरकत असताना सेन्सर शून्यावर आणण्याची पद्धत आहे. सकाळी एकदा शून्य करून दिवसभर काम चालवणारे प्रोग्राम दुपारी चुकू लागतात.

स्वतंत्र सेन्सर न बसवता मोटरच्या विद्युत्प्रवाहावरून बलाचा अंदाज बांधणे हा दुसरा मार्ग आहे. यात खर्च वाचतो. पण प्रवाह मोटरचे आघूर्ण सांगतो आणि त्यातील बराच भाग गिअरबॉक्सच्या घर्षणात जातो. हे घर्षण तापमान आणि वेगानुसार बदलत असल्याने लहान बले त्याखाली झाकली जातात. टक्कर ओळखण्यासाठी हा अंदाज पुरतो, नाजूक जोडणीसाठी सहसा नाही. प्रत्येक सांध्यात, गिअरबॉक्सच्या पलीकडे आघूर्णाचा सेन्सर बसवणे हा तिसरा आणि महाग मार्ग. कुका या कंपनीच्या एलबीआर आयवा या सात अक्षांच्या रोबोत तो घेतला आहे.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. छिद्रात पिन बसवण्याच्या कामासाठी १९७० च्या दशकात अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेत एक निष्क्रिय जोड विकसित झाला. त्यात सेन्सर नाही, संगणक नाही. रबर व धातूच्या थरांची मांडणी अशी केलेली असते, की पिनच्या टोकावर आडवे बल आले तर ती सरकते आणि आघूर्ण आले तर कलते, त्यामुळे ती अडकून न बसता आत जाते. पिनचा व्यास आणि लांबी ठरलेली असेल, तर आजही हा उपाय बलाच्या सेन्सरापेक्षा जलद आणि स्वस्त पडतो. सेन्सर घेण्यापूर्वी त्याच्यावाचून काम भागते का, हे पाहण्याची सवय या क्षेत्रात कमी होत चालली आहे, असे माझे मत आहे.

---

भिंगारी

कॅमेऱ्याबद्दल मी लिहितो. कॅमेरा जागा मोजत नाही, प्रकाश मोजतो. म्हणून दृष्टिप्रणालीचे अंदाजपत्रक करताना आधी प्रकाशयोजना ठरवावी आणि मग कॅमेरा निवडावा. चकचकीत भागावर समोरून प्रकाश टाकला, तर कडेऐवजी दिव्याचे प्रतिबिंब मोजले जाते. भागाची बाह्यरेषाच हवी असेल, तर मागून टाकलेल्या प्रकाशाला तोड नाही.

द्विमितीय कॅमेऱ्यातील सर्वांत सामान्य चूक उंचीची असते. कॅमेरा भागाच्या वरच्या पृष्ठभागापासून १००० मिलिमीटर उंचीवर आहे आणि भाग मध्यापासून ३०० मिलिमीटर बाजूला आहे, असे समजा. त्याच जागी १० मिलिमीटर अधिक उंच भाग आला, तर तो सुमारे ३ मिलिमीटर बाहेर सरकल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअरमधील जुळणीचे गुण उत्तम येतात आणि ग्रिपर मात्र कडेवर आदळतो. कॅमेरा आणि रोबो यांच्यातील नाते ठरवणाऱ्या कॅलिब्रेशनमध्ये ०.१ अंशाची चूक राहिली, तर एक मीटर अंतरावर ती १.७ मिलिमीटरहून अधिक होते.

सरकत्या पट्ट्यावरील कामात वेळेची चूक हीच जागेची चूक असते. पट्टा ५०० मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने चालत असेल आणि फोटो टिपल्याचा क्षण नोंदवण्यात २० मिलिसेकंदांचा फरक पडला, तर भाग १० मिलिमीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे कॅमेऱ्याला ट्रिगर देताना त्याच क्षणी पट्ट्याच्या एन्कोडरचे वाचनही हार्डवेअरच्या पातळीवर टिपून ठेवणे आवश्यक ठरते.

त्रिमितीय प्रकारांत दोन कॅमेऱ्यांची जोडी, पट्टेरी प्रकाश टाकणारी प्रणाली, लेसर त्रिकोणीकरण आणि प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ मोजणारे कॅमेरे असे पर्याय आहेत. शेवटच्या प्रकारात एक सेंटिमीटर अंतर म्हणजे जाऊनयेऊन सुमारे ६७ पिकोसेकंद. यावरून खोक्यांची रास मोजायला तो का चालतो आणि बारीक जोडणीला का चालत नाही, हे लक्षात येईल. पेटीत अस्ताव्यस्त पडलेले यंत्रभाग उचलण्यासाठी पट्टेरी प्रकाशाची प्रणाली जास्त वापरात आहे. पॉलिश केलेले भाग तिलाही छळतात, कारण एका भागावरून परावर्तित झालेले पट्टे शेजारच्या भागावर पडतात आणि तिथे नसलेला पृष्ठभाग दिसू लागतो.

---

तप्तकांडी

वेल्डिंगमध्ये एक गमतीदार अपवाद आहे, जिथे प्रक्रियाच सेन्सरचे काम करते. वेल्डिंगची टॉर्च जोडायच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना झुलवत नेली, की बाजूच्या भिंतीजवळ तारेची बाहेर आलेली लांबी कमी होते आणि स्थिर विद्युत्दाबाच्या यंत्रात प्रवाह वाढतो. दोन्ही टोकांच्या प्रवाहांची तुलना करून रोबो मध्यावर राहतो. वेगळे उपकरण नाही, धुराने मळणारी काच नाही. मात्र भिंत जाणवण्यापुरता कोन किंवा जाडी लागते. पातळ पत्र्याच्या एकावर एक ठेवलेल्या जोडाला ही पद्धत दाद देत नाही आणि तिथे टॉर्चच्या पुढे चालणारा लेसर सेन्सर घ्यावा लागतो. सांध्याची सुरुवात शोधायला तारेच्या टोकानेच भागाला स्पर्श करून विद्युतमंडल जुळल्याचे पाहतात. तार वाकडी असेल, तर वेल्डही तेवढाच बाजूला जातो.

---

नवशिका

सुरक्षेसाठीचे सेन्सर वेगळे का मानतात? माणूस जवळ आल्याचे पाहणारा लेसर स्कॅनर हाही शेवटी अंतरच मोजतो ना?

---

सहाअक्ष

फरक असा, की साधा सेन्सर बिघडला तर चुकीचा आकडा देतो. सुरक्षेच्या सेन्सराने बिघडल्यावर यंत्र थांबवले पाहिजे. त्यासाठी दुहेरी मार्ग, स्वतःची सतत तपासणी आणि परस्परांशी पडताळलेले आउटपुट असतात. म्हणून साध्या लिडारने (लेसरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरने) माणूस दिसतो एवढ्यावरून तो कुंपणाच्या जागी वापरता येत नाही.

अंतर ठरवण्याचे सर्वपरिचित सूत्र आयएसओ १३८५५ या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीत असे आहे : माणसाचा वेग गुणिले एकूण थांबण्याचा वेळ, अधिक एक वाढीव अंतर. चालत्या माणसासाठी वेग १६०० मिलिमीटर प्रति सेकंद धरतात. स्कॅनर, कंट्रोलर आणि रोबो यांचा मिळून थांबण्याचा वेळ अर्धा सेकंद असेल, तर ८०० मिलिमीटर झाले. आता स्कॅनर जमिनीपासून ३०० मिलिमीटर उंचीवर आडवा पाहत असेल, तर वाढीव अंतर १२०० वजा उंचीच्या ०.४ पट, म्हणजे १०८० मिलिमीटर येते. एकूण १८८० मिलिमीटर. वाढीव अंतर इतके मोठे असण्याचे कारण या धाग्याच्या विषयाशी जुळणारे आहे : स्कॅनर पाय पाहतो आणि आपल्याला काळजी असते हाताची, जो पायाच्या पुष्कळ पुढे पोहोचलेला असू शकतो.

रोबोचा थांबण्याचा वेळ वजन, वेग आणि बाहू किती लांब पसरलेला आहे यांनुसार बदलतो. म्हणून तो सर्वांत वाईट स्थितीत, प्रत्यक्ष हत्यार लावून मोजावा.

---

नवशिका

शेवटचा प्रश्न. प्रयोगशाळेतील आमचा रोबो भाग उचलताना आता सुमारे अर्धा मिलिमीटर बाजूला जातो. आधी कोणत्या सेन्सरवर संशय घ्यावा?

---

धातुरेषा

आधी सेन्सर बाजूला ठेवून टोक तपासा. टेबलावर एक टोकदार पिन घट्ट बसवा, हत्यारालाही तशीच पिन लावून तिचे टोक हत्याराचा बिंदू म्हणून नोंदवा, आणि दोन्ही टोके जुळवून तो बिंदू शिकवून ठेवा. पुढे जागा बदलल्याची शंका आली की कमी वेगाने तिथे जा. रोबो थंड असताना फरक दिसतो आणि अर्धा तास चालल्यावर नाहीसा होतो, तर तापमानाचा परिणाम आहे. बॅटरी किंवा मोटर बदलल्यापासून फरक कायम असेल, तर मास्टरिंग पाहा. टोक जागेवर ठेवून मनगट फिरवल्यावर ते वर्तुळ काढू लागले, तर हत्यार वाकले आहे किंवा त्याचा बिंदू चुकीचा नोंदला गेला आहे. आणि पिन प्रत्येक दिशेतून अचूक जुळत असूनही उचल चुकत असेल, तर रोबोला हात लावू नका. फिक्स्चरचे (भाग जागेवर धरणाऱ्या साच्याचे) बोल्ट आणि कॅमेऱ्याचा कंस तपासा.